निंबाच्या हातावरची चंचल

निंबा बोलायचा कमी, आणि बोलला तर ओरडून. त्यात त्याचा काही दोष नाही. लूमच्या कारखान्यात ओळीनं लावलेले संचे एकदम खडखडत असतात. तिथं दिवसभर उभा राहिलेला माणूस घरी येऊन नुसता ‘पाणी दे’ म्हणाला, तरी गल्लीला वाटतं भांडण लागलं. म्हणून निंबा घरीसुद्धा कारखान्यातल्यासारखा हातानंच बोलायचा. अंगठा तोंडाकडं नेला की पाणी. चिमटीत काहीतरी धरून ओढल्यासारखं केलं की सुताची तार तुटली, म्हणजे कामाचा खोळंबा. पोटापुढून हात गोल फिरवला की शेठ आला. शेठचं पोट होतंच तसं, त्याला निंबा काय करणार.

सुरतेत डिंडोलीला माझ्या मुलानं ओळीनं खोल्या काढल्या होत्या, त्यातली माझ्या भिंतीला लागून असलेली निंबाची. शिंदखेड्याकडचा पोरगा, म्हणजे आमच्याच मुलखातला. एकटा होता तोवर माझ्याकडंच जेवायचा. भाजी चांगली झाली की बोटं चाटायचा, बिघडली तरी चाटायचा. कोणाचं मन मोडायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. पुढं जे सगळं झालं ते त्याच्या या गुणापायीच.

लग्न करून तो बायको घेऊन आला आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. बायकोचं नाव उषा. आणि निंबाच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, निळ्या शाईत गोंदलेलं नाव चंचल. अक्षरं गुजराती, वर रेघ नसलेली, जावळ काढलेल्या पोरांसारखी ओळीनं बसलेली. हातानं बोलणारा माणूस तो. हात वर केला की नाव अख्ख्या गल्लीला दिसायचं. समोरच्या कलाबाईनं ते आधी वाचलं. कलाबाई वाचते थोडं आणि सांगते पुष्कळ. दोन दिवसांत निंबाची एक बाई पर्वत पाटिया भागात आहे, साड्यांना टिकल्या लावते, रंगानं गोरी आहे, इथपर्यंत गोष्ट गेली.

मी त्याला चहाला बोलावलं आणि सरळ विचारलं, की बाबा, घरात एक आणि हातावर दुसरी, हे काय आहे? त्यानं आधी हातावरच्या नावावर बोट ठेवलं. मग आपल्या खोलीकडं दाखवलं. मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटवली. मला वाटलं मेला म्हणतोय, दोघींना एकत्र ठेवणार. मी उलथनं हातात घेतलं, तेव्हा उषा तोंडाला पदर लावून हसत धावत आली. म्हणाली, "आजी, मारू नका. ती चंचल मीच आहे."

ते असं झालं होतं. प्लेगच्या वर्षी सुरत रिकामी झाली, तेव्हा निंबाही नंदुरबारच्या गाडीत उभ्यानं गावी गेला. त्याची माय इंदुबाई म्हणाली, एरवी दिवाळीशिवाय तोंड दाखवत नाहीस, आता आलाच आहेस तर मुलगी बघून घे. मुलगी बघितली, सुपारी फुटली. पुढं प्लेग ओसरला, संचे चालू झाले, निंबा परत सुरतेला आला. पण आता त्याचं चित्त संच्यावर लागेना. एका रविवारी तापीकाठच्या जत्रेत मशीनवाल्यापुढं हात टेकवला आणि मुलीचं नाव गोंदवून घेतलं. जन्मात केलेला एवढाच एक धीटपणा.

आणि लग्नाला गावी गेला तर मायनं नाव बदललेलं. आमच्याकडं सून आली की तिला नवं नाव देतात, त्यात नवल नाही. माझंही माहेरचं नाव वेगळंच होतं. पण इंदुबाईला ‘चंचल’चं विशेष वावडं. तिचं म्हणणं, सून म्हणजे घरची लक्ष्मी, आणि लक्ष्मी मुळातच चंचल. एका जागी टिकत नाही. तिला रोज उठून त्याच नावानं हाक मारायची म्हणजे दार उघडून ‘जा बाई’ म्हणण्यासारखंच की. तेव्हा हे नाव घरात कोणी उच्चारायचं नाही. मुलगी आजपासून उषा.

हळदीच्या वेळी निंबाच्या हाताला हळद लावताना मायला ती निळी अक्षरं दिसली. तिला वाचता येत नाही, आणि गुजराती अक्षरं गावातल्या शिकलेल्यांनाही लागेनात. तिनं विचारलं, हे काय रे? सुरतेत कामाला असलेली चार पोरं मागं उभी होती, ती आभाळाकडं बघायला लागली. निंबाला मायचं मन मोडवेना. तो म्हणाला, देवीचं नाव आहे, अंबामातेचं. इंदुबाईनं तिथल्या तिथं त्या हाताला हळदकुंकू वाहिलं आणि डोकं टेकवून पाया पडली.

उषाला हे काही ठाऊक नव्हतं. ती सातवी शिकलेली. लग्नानंतर गाडीनं सुरतेला येताना ती स्टेशनांच्या पाट्या बघत होती. पाट्यांवर गुजराती वर, हिंदी खाली. चलथाण आलं तेव्हा तिनं पाटीवरचा गुजराती ‘च’ बघितला, ‘ल’ बघितला, आणि मग शेजारी खिडकीच्या गजाला धरलेल्या नवऱ्याच्या हाताकडं बघितलं. उधना येईपर्यंत तिनं तो हात सोडला नाही. हे तिनंच मला सांगितलं, पीठ मळता मळता, मान खाली घालून.

असं वर्ष गेलं. गल्ली कंटाळून दुसऱ्या कुजबुजीला लागली. मग उषाला दिवस गेले, सातवा महिना लागला आणि गावाहून निरोप आला, की इंदुबाई ओटी भरायला सुरतेला येते आहे. इथं ओटी भरणार आणि सुनेला बाळंतपणासाठी माहेरी पोचवणार.

निरोप ऐकून निंबानं गळ्यावरून बोट फिरवलं. गावात अक्षरं कोणाला लागत नव्हती, पण इथं शेंबडं पोरगंही गुजराती वाचतं, आणि समोर कलाबाई बसलेली. मायला कळणार, की घरात घ्यायचं नाही म्हणून ठरवलेलं नाव पोरानं कातडीवर घेऊन ठेवलंय. वर देवीचं खोटं नाव सांगितलेलं. आणि ज्याच्या पाया पडली ते सुनेचं नाव. ती ओटी न भरता आल्या गाडीनं परत जाईल, असं निंबाला वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. रुसून निघून गेलेल्या आजीच्या नातवंडाला पुढं काही दुखलं-खुपलं, तर बोल कोणाला लागणार? उषालाच. तेव्हा माय यायच्या आत नाव घालवायचं, असं निंबानं ठरवलं.

त्याचा मित्र भटू छपाईच्या मिलमध्ये होता. तो आधी गजकर्णाचं मलम घेऊन आला. म्हणाला, यानं कातडीचा पापुद्रा निघतो, पापुद्र्याबरोबर नाव निघेल. पापुद्रा निघाला, त्यात खोटं नाही. आगही एवढी झाली, की निंबाला दोन दिवस तुटलेली तार जोडता येईना. आणि खालून नवी कातडी आली, तिच्यावर चंचल तशीच. उलट राखेनं घासलेल्या तांब्यासारखी चकचकीत झालेली.

तेव्हा मी मध्ये पडले. म्हटलं, पोरा, तुझा हात म्हणजे तुझी भाकरी आहे. त्याच्यावर असले खेळ करू नको. आणाल ते मलम आधी माझ्या हातावर लावा. माझ्या वयाच्या बाईचा हात बघायला कोण येतंय? आणि माझ्याकडं गोंदण भरपूर. लहानपणी गोंदणारीण दारावर आली की आई मला धरून बसायची. तुळस आहे, विंचू आहे, आणि मनगटाच्या वर ओळीनं पाच ठिपके, त्यांना आम्ही पाच पांडव म्हणायचो. म्हटलं, एकेका पांडवाला एकेक मलम. जो पांडव जाईल त्याचं मलम निंबाला.

भटू म्हणाला, आजी, गोंदण तर मेल्यावर बरोबर जातं म्हणतात, देव विचारतो. मी म्हटलं, चार पांडव घेऊन गेले तर देव मला परत पाठवणार आहे का? पाठवलं तर बरंच.

पहिल्या ठिपक्याला, म्हणजे धर्मराजाला, स्टेशनच्या फुटपाथवरचं मलम मिळालं. हिरव्या डबीतलं. विकणारा म्हणे गोंदण, चामखीळ, मूळव्याध, सगळं याच्यानंच घालवत होता. वास छान, गार गार वाटायचं. रोज चोळलं, धर्मराज ढिम्म हलला नाही. त्याचा स्वभावच तो. उरलेलं मलम मी गुडघ्याला लावलं, तर गुडघ्याला मात्र आराम पडला.

अर्जुनाला औषधाच्या दुकानातली गोरं व्हायची ट्यूब. ती दुकानदारानं दिली, दाग जातात म्हणून. सुरतेत दाग म्हटलं की साडीवरचा असो नाहीतर तोंडावरचा, एकच माणूस आत्मविश्वासानं दोन्हीचा उपाय सांगतो. तर त्या ट्यूबनं अर्जुनाच्या भोवतालची कातडी उजळली. अर्जुन आधी काळ्या हातावर काळा होता, म्हणून लपून होता. आता चंद्रावरच्या डागासारखा उठून दिसायला लागला. निंबाच्या हाताला हे लावलं असतं तर चंचल स्टेशनवरूनच मायला वाचता आली असती, न शिकता.

नकुल-सहदेव जुळे, त्यांना एकच. ती सूचना कलाबाईची. केस काढायचं मलम तिच्या भाचीकडं होतं. तिचं म्हणणं, जे केसाला मुळापासून काढतं ते शाईला सोडेल होय? केस गेले. मनगटावर तेवढाच एक पट्टा लहान पोराच्या गालासारखा गुळगुळीत, आणि त्यावर नकुल-सहदेव उघडे बसलेले. वास असा, की माझ्या मुलानं त्या दिवशी बाहेर ओट्यावर जेवण केलं.

आता या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मलम वाया गेलं की त्या संध्याकाळी निंबाच्या घरून वाटी यायची. हिरव्या डबीच्या वेळी वांग्याचं भरीत. ट्यूबच्या वेळी शेवभाजी. केसांच्या मलमाच्या वेळी तर उषानं सातव्या महिन्यातलं पोट सांभाळत खापर मांडलं आणि मांडे केले. आणि गजकर्णाच्या मलमानं निंबाचा पापुद्रा निघत होता त्या दोन दिवसांत तिच्या चुलीवर खिचडीशिवाय काही चढलं नव्हतं. मला तिसरीच्या पुढचं गणित येत नाही, पण हे गणित सुटलं.

भीमाची पाळी शेवटी आली. भटूनं मिलमधून पांढरी लापशी आणली, पत्र्याच्या डब्यात. मिलमध्ये रंग चुकीचा बसला की तो कापडावरून उडवायला लावतात, त्याला ते हायड्रो म्हणतात. भटूचं म्हणणं, गडद लाल साडी यानं पांढरीफटक होते, मग एवढंसं निळं नाव काय घेऊन बसलात. साडीला कातडी नसते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी भीमाला बोटभर लावलं. डोळ्यांतून पाणी काढलं मेल्यानं. फोड आला, फुटला, जखम झाली. जखम भरली तेव्हा भीम तिथंच होता, जरा वाकडा झालेला, गदा खांद्यावर घेतल्यासारखा. त्याच्याभोवती भाजलेल्या भाकरीसारखा डाग, तो आजही आहे.

मी म्हटलं, बस, संपलं. पण भटू म्हणाला, आजी, तुम्ही थोडा वेळ ठेवलंत. रात्रभर बांधून ठेवलं तर मांसासकट निघेल. आणि निंबानं मान हलवली. गाडी परवा येणार होती. त्यानं डबा उचलला आणि हातानं सांगितलं, आज रात्री.

तो कामावर गेल्यावर उषा माझ्याकडं आली. जात्याजवळ बसली, उगीच पीठ झटकत राहिली. मग म्हणाली, "आजी, मला गावात आता सगळे उषा म्हणतात. परवा माझ्या आईनं निरोप धाडला, तोही उषाला. ते तर मला नावानं हाकच मारत नाहीत. माझं नाव तेवढ्या एका ठिकाणी उरलंय, ते आता मांसासकट काढायला निघालेत."

मी उठले. तिच्या घरात गेले, कोनाड्यातला तो डबा उचलला आणि मागच्या गटारात ओतला. गटाराच्या काठचं शेवाळ पांढरं पडलं. निंबानं संध्याकाळी डबा शोधला तेव्हा मी त्याला हातानंच सांगितलं. डबा उलटा केल्याची खूण केली, मग त्याच्या बायकोकडं बोट दाखवलं, मग त्याच्या हातावरच्या नावावर थापट मारली. त्यानं शोधणं सोडलं. कारखान्यातला माणूस, खूण चुकायचा नाही.

इंदुबाई आली. बोचक्यात बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, भाकरीसाठी कळण्याचं पीठ आणि नातवंडासाठी शिवलेली गोधडी. मे महिन्यातली सुरत, खाडीवरून येणारं वारंही घामट, आणि निंबा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बटणं लावून बसलेला. मायला ते दिसलं नाही. तिला दिसला माझा हात, कारण पाण्याचा तांब्या मी पुढं केला होता.

"हाई काय व्हयनं तुमना हातले, बहीण?"

मी म्हटलं, पोळलं. तिनं हात धरून जवळ घेतला. शेतकरी बाईची नजर ती, वांग्यातली अळी बाहेरून ओळखणारी. एका ठिकाणी पोळलेलं, एका ठिकाणी गोरं, एका ठिकाणी केस नाहीत. चूल अशी निवडून पोळते होय, म्हणाली. कलाबाई दारात उभी होती. तिच्यानं राहवलं नाही. ती म्हणाली, गोंदण घालवायची मलमं लावून बघत होत्या, निंबासाठी.

इंदुबाईनं लेकाकडं बघितलं. सदऱ्याकडं बघितलं. उठली, बटण काढलं आणि बाही वर सरकवली. पापुद्रा निघून उजळलेली अक्षरं समोर आली. तिचा आवाजच बदलला. तिला वाटलं लेक सुरतेच्या नादाला लागून देवी पुसायला निघालाय. निंबा बोलायचं सोडून हातानं खुणा करायला लागला, आणि त्या खुणा त्याच्या मायला काय कळणार? सुटका अगदी सोपी होती. अंबामाताच आहे, खरूज झाली म्हणून मलम लावलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी तोंड उघडलंही.

पण उषा पुढं आली. पोटावर एक हात, दुसऱ्या हातानं पदर सावरलेला.

"आत्याबाई, ती अंबामाता नाही. मनं नाव शे. चंचल."

कलाबाईनं दाराची चौकट धरली. इंदुबाई खाली बसली. मग तिनं माझा हात परत मागितला आणि बाजारात वांगी घेताना विचारावं तसं एकेक विचारायला लागली. हे कशानं? मी सांगितलं. किती दिवस लावलं? सांगितलं. गेलं का? नाही गेलं. हे दुसरं? हे जोडीचं? हे पोळलेलं? मी सगळ्या पांडवांची हकीकत सांगितली, आणि लेकाच्या पापुद्र्याचीही. तिनं भीमावर अंगठा घासून बघितला. मग लेकाचा हात घेतला, थुंकी लावली आणि लुगड्याच्या पदरानं चंचल खसाखसा पुसून बघितली. हे तिचं स्वतःचं मलम.

मग ती सुनेला म्हणाली, "पाच मलम लाईसन बी जी गयी नाही, ती घर सोडीसन कथी जाई?"

घर सोडून जाते कुठं! आणि वर स्वतःशीच म्हणाली, की मी तिच्या पायाही पडून बसले आहे. पाया पडलेल्या लक्ष्मीला कोणी बाहेर काढतं का?

निंबानं तेव्हा कुठं सदरा काढला. घामानं भिजून चिंब झाला होता.

दुसऱ्या दिवशी ओटी भरली. गल्लीतल्या बायका जमल्या, भटू खोबऱ्याच्या वाट्या घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवलं, त्याच्या हातातल्या कुठल्याही वाटीवर आता कोणाचा विश्वास नव्हता. उषानं नाव घेतलं, मग बायका निंबाच्या मागं लागल्या, की तूही नाव घे. आमच्यात पुरुषांना एवढं धरत नाहीत, पण त्या दिवशी धरलं. निंबा लाजून लाल झाला. उखाणा कुठून आणणार? जन्मभर जे तोंडानं म्हटलं नाही ते बायकांच्या गराड्यात कसं म्हणणार? शेवटी त्यानं बाही वर केली आणि हात पुढं धरला.

बायका म्हणाल्या, हे चालायचं नाही, वाचून दाखव. तो वाचेना. उषा जमिनीकडं बघत बसलेली.

तेव्हा इंदुबाई सरकून पुढं आली. लेकाचा हात मांडीवर घेतला. तिनं पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं, शाळेतल्या पोरासारखं, मग दुसऱ्याखाली, मग तिसऱ्याखाली. एक अक्षर न येणारी बाई ती. पण नीट, थांबत थांबत, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"चं. च. ल."

अजून ती सुनेला उषाच म्हणते, सवय जात नाही. निंबाही नाव घेत नाही, फक्त कारखान्यात त्याची एक नवी खूण झाली. घरी जायची वेळ झाली की तो उजव्या हातानं डाव्या हातावर, कोपराच्या खाली, दोनदा थापटतो. संचे कितीही खडखडू देत, सगळ्यांना कळतं.

आणि मला गल्लीतली पोरं येऊन विचारतात, आजी, तुम्ही सगळी मलमं लावून बघितलीत, चांगलं कोणतं? मी त्यांना सांगते, हिरव्या डबीचं. गुडघ्याला.